सहावी ते आठवीच्या मुलांना टिपणे काढणे, आराखडा करणे आणि शब्दसंग्रह वाढवणे कसे शिकवावे?

आपण लिहिले आहे की आपण नुकतेच सहावी ते आठवीच्या वर्गांवर रुजू झाला आहात आणि ‘स्वतःचे मुद्दे काढा’ असे सांगितले की मुले आळसाने अख्खा परिच्छेदच वहीत उतरवतात. त्यावर कोणती पद्धत वापरावी आणि शब्दसंग्रहासाठी वेगळा तास ठेवावा का, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षे भूगोल आणि मराठी शिकवते. आपल्या प्रश्नातील ‘आळसाने’ या शब्दापाशी मी थांबले, कारण तोच शब्द मी एके काळी शिक्षकखोलीत वापरला होता आणि तो चुकीचा होता.

आळशी मूल कमी लिहील, चार पाने भरणार नाही. मूल सगळेच्या सगळे उतरवते, कारण काय गाळले तर चालेल हे त्याला कळत नाही. आणि ते कळत नाही, कारण त्या परिच्छेदातल्या दोनतीन शब्दांचा अर्थच बहुधा त्याच्या हाती लागलेला नसतो. ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही तो सोडून देण्याची हिंमत मोठी माणसेही करत नाहीत. सरकारी कागद वाचताना आपणही तसेच वागतो. म्हणून माझ्या मते आधी शब्द, मग आराखडा आणि शेवटी टिपण असा क्रम असला पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी तो उलटा चालवला जातो.

हे मला एका मुलीमुळे कळले. आठेक वर्षांपूर्वी मी सहावीला भूगोलातला मानवाच्या व्यवसायांचा धडा शिकवत होते. आमच्या भागातील पुष्कळ घरांत तेलुगू बोलली जाते. या मुलीचे वडील यंत्रमागावर होते आणि आई कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणून घरी विड्या वळत असे. मी मुद्दे काढायला सांगितले, तेव्हा तिने संपूर्ण धडा, चित्रांखालच्या ओळींसकट, उतरवून काढला. मी सगळ्या वर्गासमोर तिला रागावले. नंतरच्या चाचणीत ‘तुमच्या परिसरातील तृतीयक व्यवसायांची दोन उदाहरणे लिहा’ असा प्रश्न होता. (निसर्गातून थेट मिळवण्याचे काम ते प्राथमिक, त्यापासून माल तयार करण्याचे द्वितीयक आणि विक्री, वाहतूक यांसारख्या सेवांचे तृतीयक.) तिने ‘जोंधळा’ आणि ‘तूर’ असे लिहिले. मी तांबड्या शाईने शून्य दिला आणि शिक्षकखोलीत ते उत्तर वाचून दाखवत, या मुली वाचतच नाहीत, नुसते आळसाने उतरवतात, असे म्हणाले.

आमच्या शाळेत तेव्हा एक सेविका होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या पाण्याचे पेले उचलत होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, आमच्यात व्यवसायम् म्हंजे शेतीच की. पोरीनं बरोबर लिवलंय.” मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. तेलुगूत उद्योगम् म्हणजे नोकरी, तेव्हा ‘वस्त्रोद्योग’ या शब्दात त्या मुलीला कापडाची नोकरी दिसत असणार. अवसरम् म्हणजे गरज, आणि आमच्या मराठीच्या पुस्तकात ‘अवसर’ संधी या अर्थाने येतो. शब्द तोच, संस्कृतातून आलेला, उच्चारही जवळपास तोच आणि अर्थ मात्र निराळा. असा शब्द अनोळखी शब्दापेक्षा घातक असतो, कारण तो आपल्याला कळलेला नाही हे मुलाला समजतच नाही. त्या मुलीने प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक या शब्दांचा अर्थ पहिली, दुसरी आणि तिसरी शेती असा लावला होता आणि तिसऱ्या प्रकारची शेती कोणती असेल याचा आपल्या परीने विचार करून उत्तर दिले होते. मी शून्य दिला होता तो त्या विचाराला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तके मिटायला लावली आणि सर्वांना ‘व्यवसाय म्हणजे काय’ हे एका ओळीत लिहायला सांगितले. तेलुगू घरांतील बऱ्याच मुलांनी शेती लिहिले हे अपेक्षितच होते, पण ज्यांच्या घरी मराठीच बोलली जाते त्यांतील कित्येकांनी ‘दुकान’ असे लिहिले. म्हणजे अडचण केवळ घरच्या भाषेची नव्हती. सगळ्या वर्गाने धडा वाचला होता, अनेकांनी तो उतरवला होता, आणि धड्याच्या नावातला शब्दच कोणाला नीट ठाऊक नव्हता.

मी धडा पुन्हा घेतला, पण या वेळी सुरुवात मुलांच्या घरांपासून केली. घरातली माणसे कोणते काम करतात हे प्रत्येकाने सांगायचे आणि ते काम फळ्यावरच्या कोणत्या रकान्यात जाईल हे वर्गाने ठरवायचे. विडीवरून मोठा वाद झाला. एक मुलगा म्हणाला, पान जंगलातून येते म्हणून ते प्राथमिक. त्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली की पान तोडणारा वेगळा, वळणारी वेगळी आणि टपरीवर विकणारा वेगळा, त्यामुळे विडी एका रकान्यात मावणार नाही. हे धड्यात कोठेही लिहिलेले नव्हते. त्यानंतर तिने काढलेले टिपण अकरा ओळींचे होते, त्यात विडीचे तिन्ही टप्पे होते आणि पुस्तकातले एकही वाक्य जसेच्या तसे नव्हते. अक्षर वाकडे होते, दोन शब्द खोडले होते आणि ‘द्वितीयक’ चुकीचे लिहिले होते. माझ्या नोकरीतले ते सर्वांत चांगले टिपण होय.

आणि याच वहीवरून मला बोलणी बसली. वार्षिक वही तपासणीत आमच्या तेव्हाच्या पर्यवेक्षकांनी ती वही शेजारच्या तुकडीतल्या वहीशेजारी ठेवली. त्या तुकडीच्या साठही वह्यांत तीच वाक्ये, तेच अधोरेखन आणि त्याच जागी तीच चौकट होती. पालकांना दाखवण्याजोगी वही कोणती, असे त्यांनी मला विचारले आणि यापुढे टिपणे सांगून लिहून द्यावीत अशी सूचना केली. मी दोन वर्षे ती पाळली. खरे सांगायचे तर त्या दोन वर्षांत सहावीचे गुण घटले नाहीत, थोडे वाढलेच, कारण प्रश्न त्या टिपणांवरूनच काढले जात होते. पुढे तीच मुले नववीत गेली आणि धड्यात सरळ न दिलेला प्रश्न आला की कोऱ्या उत्तरपत्रिका देऊ लागली, तेव्हा त्यांचे दोन वर्षांचे नुकसान माझ्या हातून झाले हे मला दिसले. शिक्षकाने सांगितलेले मुलाने लिहून घेणे हे श्रुतलेखन आहे. त्याला टिपण म्हणू नये, आणि त्या दिवशी हे स्पष्टपणे म्हणायला हवे होते, ते मी म्हटले नाही.

२०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने जोडली गेली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. धड्याच्या शेजारीच मुलाच्या स्वतःच्या शब्दांना जागा, ही कल्पना अगदी योग्य होती. परंतु वर्षानुवर्षे सांगितलेले लिहून घेण्याची सवय लागलेला हात कोरे पान पाहून थबकतो. माझ्याच शाळेत त्यांतली निम्मी पाने कोरी राहिली आणि उरलेल्यांवर फळ्यावरचे उतरवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ती पाने रद्द करण्याचा निर्णय झाला. अनेकांना दप्तराचे वजन महत्त्वाचे वाटले. पाने भरायला कोणी शिकवले होते का, हा प्रश्न आमच्या बैठकीत मी एकटीने विचारला.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. शब्दसंग्रहाचा वेगळा तास ठेवू नका. धडा सुरू करण्यापूर्वी त्यातले पाच-सहा शब्द निवडा आणि निवडताना कठीण पारिभाषिक शब्दांच्या मागे लागू नका, कारण ते पुस्तकात बहुधा समजावलेले असतात. अमेरिकेतील वाचन-संशोधक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत: रोजच्या बोलण्यातले, सर्व विषयांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येणारे आणि एकाच विषयाचे खास. ही विभागणी इंग्रजी शिकवण्यासाठी केलेली असली तरी मधला थर मराठीतही तेवढाच दुर्लक्षित आहे. ‘घटक’, ‘स्वरूप’, ‘प्रमाण’, ‘वैशिष्ट्य’, ‘अनुक्रमे’ हे शब्द विज्ञानात येतात, भूगोलात येतात, प्रश्नपत्रिकेत तर हमखास येतात, आणि ते कोणीही शिकवत नाही, कारण प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला ते दुसऱ्याने शिकवले असतील असे वाटते. ‘अनुक्रमे’ न कळल्यामुळे सोप्या गणितात गुण गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

पारिभाषिक शब्द एकेकटे पाठ करून घेण्याऐवजी जोडीने घ्यावेत. बाष्पीभवन, घनीभवन यांतले ‘भवन’ म्हणजे होणे आणि शुद्धीकरण, वर्गीकरण यांतले ‘करण’ म्हणजे करणे, एवढे सांगितले की पाण्याचे बाष्पीभवन आपोआप होते, शुद्धीकरण मात्र कोणीतरी करावे लागते, हे मुले स्वतःच सांगू लागतात. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांना ‘तुमच्या घरी हा शब्द कशाला वापरतात’ असे प्रत्येक धड्याला विचारा. त्यात दोन मिनिटे जातात आणि माझ्यासारखी चूक टळते.

आराखडा शिकवण्यासाठी मी आठवीच्या इतिहासातला सविनय कायदेभंगाचा धडा घेते, कारण त्यात आमचे सोलापूर आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात हरताळ झाला, गिरणी कामगार पुढे होते, मोर्चावर गोळीबार झाला, लोक खवळले, लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. मी फळ्यावर फक्त चार शब्द लिहिते: कारण, घटना, सरकारचे पाऊल, परिणाम. प्रत्येक वाक्य कोणत्या शब्दाखाली जाईल हे मुलांनी ठरवायचे असते आणि गोळीबार ‘घटना’ की ‘सरकारचे पाऊल’ यावर दर वर्षी भांडण होते. ते होऊ द्यावे. त्यानंतर मी प्रत्येक शब्दाखाली दोनच ओळी ठेवायला सांगते. एका वर्षी एका मुलाने चारही नावे गाळून ‘चौघांना फाशी’ एवढेच ठेवले. शेजारची मुलगी उठून म्हणाली की ज्यांचे पुतळे आपण रोज येताजाता पाहतो त्यांची नावे गाळता येणार नाहीत, हवे तर हरताळाचे वर्णन गाळा. तो मुलगा म्हणाला की पुतळे आहेत म्हणूनच नावे लिहिण्याची गरज नाही, ती विसरणारच नाहीत. मी दोघांनाही बरोबर म्हटले, कारण काय ठेवायचे हे दोघांनीही कारण देऊन ठरवले होते आणि मला तेवढेच शिकवायचे होते.

पद्धतीबद्दल थोडक्यात सांगते. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात मांडलेली पद्धत, म्हणजे पानाच्या डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे टिपण आणि तळाशी सार, ही हल्ली प्रशिक्षणांत फार सांगितली जाते. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होती आणि अकरा वर्षांच्या मुलाला ती पूर्ण देऊ नये. त्यातला डावा रकाना तेवढा घ्या. त्यात मुलाने आपल्याला नवा असलेला शब्द आणि आपल्याला पडलेला प्रश्न लिहावा. तळाचे सार आठवीत सुरू केले तरी चालते. रंगीत पेने आणि फांद्याफांद्यांची चित्रे मुलांना आवडतात, पण माझ्या वर्गात त्यांचा वेळ रंगवण्यात गेला आणि मी ते थांबवले.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. व्याख्या, सूत्रे आणि कविता यांत शब्द बदलून चालत नाही, तेथे उतरवणेच योग्य. वाचनात किंवा लेखनात खरी अक्षमता असलेल्या मुलाला नुसत्या रकान्यांची मदत पुरत नाही. त्याच्याकडून तोंडी मुद्दे घ्यावेत आणि तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा. साठ मुलांच्या वर्गात हे सगळे दर तासाला शक्य नाही, मलाही नाही. मी आठवड्यातून एक धडा या रीतीने घेते आणि बाकीचे नेहमीसारखे. पहिल्या सत्रात अभ्यासक्रम मागे पडतो आणि त्याबद्दल आपल्याला ऐकून घ्यावे लागेल.

वह्या तपासताना एक करा. टिपणावर गुण देऊ नका आणि शुद्धलेखनाच्या चुकांवर पहिल्या खेपेला तांबडी शाई वापरू नका. पुस्तक मिटून, फक्त स्वतःचे टिपण हातात घेऊन मुलाला दोन मिनिटे धडा सांगायला लावा. जेथे ते अडखळेल तेथे टिपणात काय राहिले हे त्याला स्वतःलाच दिसते आणि ते लगेच पेन काढून तेथे लिहू लागते. तो शब्द त्यानेच लिहू द्यावा. आपण सांगू नये.