वॉम्पनोआग कार्यशाळेला पहिल्यांदा जाताना

अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर वॉम्पनोआग या मूळनिवासी जमातीचं अक्विना कल्चरल सेंटर आहे. तिथे मणी घडवायला शिकायला जाणार ना? आधी विचारून घ्या, कार्यक्रम सगळ्यांना खुला आहे की फक्त जमातीच्या लोकांसाठी. फक्त त्यांच्यासाठी असेल तर हट्ट नको.

वॉम्पम म्हणजे शिंपल्यांचे पारंपरिक मणी. त्यातले जांभळे मणी क्वाहॉग या जाड कवचाच्या शिंपल्याचे. तो घासताना उडणारी भुकटी फुप्फुसांना वाईट, म्हणून मास्क लावा आणि शिंपला पाण्याने ओला ठेवूनच घासा. भोक पाडताना जोर लावलात की तडकलाच! ज्येष्ठ मंडळी बोलू लागली की हात थांबवा. खरं शिक्षण तिथेच होतं, असं माझं मत.

मॅशपी इथल्या वॉम्पनोआगांचा पॉवाव, म्हणजे नाच-गाण्यांचा मेळावा, ४ जुलैच्या आसपास असतो. ग्रँड एंट्रीला, म्हणजे नर्तक रिंगणात येतात तेव्हा, उभे राहा, टोपी काढा. नर्तकांच्या पोशाखाला हात लावू नका, फोटो विचारूनच. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या शुभेच्छा मात्र टाळा. १९७०पासून त्या दिवशी मूळनिवासी लोक प्लिमथ गावात शोकदिन पाळतात.