क्लायंटच्या जीएसटीआर-१ मध्ये (महिन्याच्या विक्री बिलांचं विवरणपत्र) एक बिल राहून गेलंय, सरांच्या लक्षात आलेलं नाही आणि उद्या २० तारीख. आत्ता सांगू की पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करू?

आत्ताच सांगा, जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरायचं विवरणपत्र) भरण्याआधी; २० तारीख ही त्याचीच शेवटची तारीख. जुलै २०२४ च्या कालावधीपासून जीएसटीआर-१ए हा फॉर्म आलाय, तो नेमका अशाच वेळेसाठी आहे. राहिलेलं बिल त्यात टाकता येतं, चुकलेली रक्कमही सुधारता येते. पण त्याच महिन्याचं ३बी भरेपर्यंतच, आणि महिन्याला एकदाच. म्हणून घाईत तेवढंच एक बिल टाकून मोकळे होऊ नका. आधी अख्खं विक्री रजिस्टर पुन्हा ताडून पाहा. एक सुटलंय तिथे दुसरंही सुटलेलं असू शकतं.

३बी एकदा भरलं की बदलता येत नाही. मग ते बिल पुढच्या महिन्यात दाखवायचं आणि राहिलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. ते क्लायंटच्या खिशातून जाणार, तेही त्याला काही कल्पना नसताना. मला हे अजिबात पटत नाही.

(ग्राहकाचा जीएसटी नंबरच चुकला असेल तर मात्र १ए चालत नाही, तो पुढच्या जीएसटीआर-१ मध्येच दुरुस्त होतो.)

सरांकडे जाताना बिल नंबर, करपात्र रक्कम आणि वाढणारा कर एका कागदावर लिहून न्या. "सर, हे बिल राहिलंय, १ए तयार आहे, एकदा बघून घ्या," एवढंच बोला. संध्याकाळची वाट पाहू नका, शेवटच्या दिवशी पोर्टल हळू चालतं.