वाचकांचे प्रश्न : दरवर्षी चव बदलते, तरी माणसे का टिकतात?

प्रश्न : नाशिकजवळच्या एका छोट्या कौटुंबिक वाइनरीकडून आम्ही काही वर्षे लाल वाइन घेत आहोत. यंदाची चव निराळी लागली. मालक म्हणाले, “वर्षच निराळे होते.” ही पळवाट समजावी का? आणि अशा घराण्यांना परदेशात लोक पिढ्यान्‌पिढ्या कसे धरून राहतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. लेबनॉनमधील शातो म्यूझार ही वाइनरी गास्तों होशार यांनी 1930 साली सुरू केली आणि ती आजही त्याच कुटुंबाकडे आहे. त्यांचे पुत्र सर्ज यांनी 1959 पासून वाइन घडवण्याचे काम हाती घेतले, तर दुसरे पुत्र रोनाल्ड यांनी व्यवहार सांभाळला. द्राक्षमळे बेका खोऱ्यात, वाइनरी मात्र डोंगररांगेच्या अलीकडे गझीर गावी. त्यामुळे 1975 ते 1990 या यादवीच्या काळात तोडणीनंतर द्राक्षांचे ट्रक लढाईच्या आघाड्या ओलांडून आणावे लागत. 1976 साली वाइन झालीच नाही. 1984 साली ट्रक इतके रखडले, की द्राक्षे वाटेतच आंबू लागली.

युद्धापूर्वी या वाइनचे गिऱ्हाईक मुख्यतः लेबनॉनमध्येच होते. ते तुटल्यावर सर्ज यांनी बाहेर पाहिले आणि 1979 च्या ब्रिस्टल येथील वाइन मेळ्यात जाणकारांनी त्यांची वाइन उचलून धरली. तेव्हापासून ब्रिटनमध्ये तिचा जो चाहतावर्ग तयार झाला, तो केवळ युद्धाच्या कहाणीवर भुलला असे मला वाटत नाही. सहानुभूतीपोटी एखादी बाटली खपते, वर्षानुवर्षे पेट्या खपत नाहीत. काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यान या तीन द्राक्षांचे मिश्रण दरवर्षी वेगळे उतरते, आणि सर्ज यांनी ते एकसारखे करण्याचा प्रयत्नच केला नाही. तिच्यातील किंचित व्हिनेगरसारख्या धारेला काही समीक्षक उघडपणे दोष म्हणतात. चाहत्यांना तीच तिची ओळख वाटते. शिवाय लाल वाइन तोडणीनंतर सातव्या वर्षी बाजारात येते. इतका काळ पैसा अडकवून ठेवणे घेणाऱ्यांच्या भरवशाशिवाय कोणत्या कुटुंबाला परवडेल? (आपल्याकडे बँकेचे हप्ते इतके थांबत नाहीत, हे खरेच.)

आता तुमचा पहिला प्रश्न. एकाच बागायतदाराकडून वर्षानुवर्षे हापूसची पेटी घेणारा माणूस यंदाचा आंबा गेल्या वर्षीसारखाच लागावा असा हट्ट धरत नाही. पाऊस कधी थांबला, थंडी किती पडली, हे तो त्या बागायतदाराकडूनच ऐकतो. नाशिकला वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, म्हणून छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस आणि हिवाळ्यातील थंडी यांचा परिणाम बाटलीत उतरणारच. मोठ्या कंपन्या अनेक मळ्यांचा माल मिसळून हा फरक झाकू शकतात, छोट्या घराला ते सहसा जमत नाही.

तरीही “वर्ष निराळे” या उत्तरावर थांबू नका. नेमके काय निराळे होते, ते मालकांना विचारा आणि गेल्या वर्षीची बाटली मिळाल्यास दोन्ही एकत्र उघडून चाखा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बूच खराब निघाले असे समजून ती बाटली निःसंकोच परत करा. तसे काही नसेल आणि वाइन केवळ हलकी किंवा जास्त आंबट लागत असेल, तर मालकांनी तुम्हाला खरे तेच सांगितले असण्याची शक्यता अधिक आहे.