रात्रीची शुगर आणि मोडलेली झोप

टाइप १ मधुमेह असलेल्या प्रौढांच्या पत्रांतले तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत. इन्सुलिनच्या डोसातला कोणताही बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

प्रश्न : वय ३६. झोपेत शुगर लो होईल या भीतीने निजताना २२० च्या आसपास असली तरच आडवी होते, नाहीतर दूध-बिस्किटं खाते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, सकाळी शुगर २५० च्या वर असते. काय करू? – वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तुमची झोप मोडते ती वाढलेल्या शुगरमुळे. साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं साखर लघवीवाटे टाकू लागतात, तिच्याबरोबर पाणीही जातं. म्हणून ते उठणं. वर झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी तेवढंच इन्सुलिन कमी काम करतं.

भीती रास्त आहे, पण बिस्किटं हा तिच्यावरचा उपाय नव्हे. आधी रात्री नेमकं काय घडतं ते पाहा. तीन रात्री निजताना, पहाटे ३ ला आणि उठल्याबरोबर शुगर तपासा. त्या दिवशी जेवण ८ च्या आत आणि साधं; निजताना वरचं खाणं नको, वरचं इन्सुलिनही नको. निजताना १०० च्या खाली असेल तर ती रात्र सोडून द्या, खाऊन झोपा. ३ वाजेपर्यंत ३० पेक्षा जास्त उतरली, तर बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन जास्त होत असावं. ३ पर्यंत ठीक आणि उजाडताना चढली, तर ती पहाटेच्या हार्मोन्सची करामत. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात आणि यकृत साखर सोडतं. अशा वेळी डोळे झाकून बेसल वाढवलं, तर मध्यरात्री लो होण्याची सोयच होते. निजतानाच जास्त असून तशीच राहिली, तर गडबड जेवणाच्या डोसात.

प्रत्यक्षात रात्री लो होण्याचं एक नेहमीचं कारण असं : मालिका आटपून साडेनऊला जेवण, ११ ला शुगर २४०, म्हणून आणखी ४ युनिट. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन साधारण ४ तास काम करत असतं. पहिला डोस संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि १-२ वाजता शुगर कोसळते. ताटात तळलेली सुरमई आणि नारळाचं वाटण असेल तर भाताची साखरही उशिरा वर येते, मग पहाटे आकडा फुगतो. लवकर जेवलात तर यातलं निम्मं दुखणं जातं. जेवणानंतरच्या ३-४ तासांत जादा डोस टाळा.

मे महिन्यात वीज गेली की सगळं घर घामाने निथळतं. घामावरून लो ओळखायला जाऊ नका. छातीत धडधड, वाईट स्वप्नं, उठल्यावर जड डोकं, यांतलं काही जाणवलं की स्ट्रिप लावा. उशाशी ग्लुकोमीटर, पाणी आणि घट्ट झाकणाच्या डबीत (मुंग्यांना आमंत्रण नको) चहाचे ३ चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर ठेवा. ७० च्या खाली असेल तर ती पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर तेच पुन्हा. लाडू-चॉकलेट नको, तुपा-चरबीमुळे साखर वर यायला उशीर लागतो. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

निजताना बहुतेकांना ११० ते १५० पुरते. २२० वरून एकदम तिथे उतरू नका. आधी १८० वर काही रात्री काढा.

प्रश्न : भाऊ मासेमारीच्या बोटीवर जातो. पहाटे ३ ला निघतो, दुपारी येऊन झोपतो आणि झोपेतच लो होतो. इन्सुलिन कधी घ्यावं? – वाचक, हर्णै

उत्तर : ग्लारजिनसारखं बेसल रोज घड्याळाच्या एकाच वेळेला घ्यावं, झोपेच्या वेळेशी बांधू नये. दुधाळ दिसणारं एनपीएच नावाचं इन्सुलिन असेल तर त्याचा जोर काही तासांनी, नेमका झोपेत येऊ शकतो. ते बदलण्याबद्दल विचारा. जाळी ओढून थकलेले स्नायू पुढे कितीतरी तास, कधी २४ तासांपर्यंत, रक्तातली साखर ओढत राहतात. म्हणून समुद्रावरून आल्यावरच्या जेवणाचा डोस कमी लागतो. किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. झोपताना १३० च्या आत असेल तर अर्धी तांदळाची भाकरी जास्त खावी. त्यावर दारू तर नकोच, कारण ती यकृताला साखर सोडू देत नाही.

सात तासांची झोप दोन तुकड्यांत झाली तरी एकवेळ चालेल. आणि एक : बोटीवर इन्सुलिन माशांच्या बर्फात खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. चालू पेन इंजिनापासून दूर, ३० अंशांच्या खाली ठेवा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत मेहनत थांबते, शुगर चढते; तेव्हाचे डोस वेगळे लागतील.

प्रश्न : दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर आहे. रात्री २ च्या सुमारास ६२ दाखवून अलार्म होतो, बोटावर मात्र ११० येते. अलार्म बंद करू का? – वाचक, देवगड

उत्तर : ‘लो’चा अलार्म बंद करू नका. तुम्ही बहुधा त्याच कुशीवर झोपता. सेन्सर दाबला गेला की तो खोटा लो दाखवतो. कूस बदला, थोड्या वेळात आकडा सुधारतो. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा. जास्त शुगरचा अलार्म रात्रीपुरता २५० वर ठेवलात तर फुकटचं जागरण वाचेल. बोटावर तपासताना मात्र हात धुऊन घ्या. हापूसच्या दिवसांत बोटाला रस लागलेला असला तर आकडा खोटा वर येतो आणि खरा लो झाकला जातो. स्ट्रिपची डबी उघडी ठेवू नका, पावसाळी हवेत स्ट्रिप लवकर बिघडतात.