गोल नको मोजूस, संधी मोज

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गेल्या सीझनला आर्डल लीगमध्ये, म्हणजे वेल्सच्या तिसऱ्या पातळीवर, तुझ्या गोलांचा पाऊस, यंदा ख्रिसमसपर्यंत बरं चाललेलं आणि आता सलग पाच सामने कोरडे. त्यात कम्री साउथमधल्या, म्हणजे एक पायरी वरच्या लीगमधल्या, एका क्लबचा ‘आमच्याकडे ये’ असा निरोप आलाय. तुझे तीन प्रश्न: बूट बदलू का, फटका मारायची पद्धत बदलू का, क्लब बदलू का. तिन्हींची उत्तरं देतो, पण आधी तू एकाचं दे. या पाच सामन्यांत तू गोलवर किती फटके मारलेस? मेसेजमध्ये तो आकडा नाही. स्वतःबद्दल एवढं लिहिलंस आणि नेमकं तेच नाही, याचा मला राग आलाय.

ढोबळमानाने फुटबॉलमध्ये दहा फटक्यांत एक आत जातो. समज, तू सामन्याला तीन फटके मारलेस. म्हणजे पाच सामन्यांत पंधरा. त्या पंधरातला एकही आत न जाण्याची शक्यता वीस टक्के निघते. पाचातून एकदा हे होणारच, तू कितीही चांगला असलास तरी. मग पद्धत कसली बदलतोस? पण पाच सामन्यांत मिळून चारच फटके असतील, तर गोष्ट वेगळी आणि काळजी करण्यासारखी. म्हणून म्हणतो, गोल नको मोजूस, संधी मोज. गल्ला दुकान बंद झाल्यावर मोजतात. दिवसभर बघायचं ते दारात गिऱ्हाईक किती आलं.

‘वेल्समधल्या गोलांना विचारतं कोण’ असंही लिहिलंयस. बरोबर आहे, कोणी विचारत नाही. 2001-02 मध्ये मार्क लॉइड विल्यम्सने बँगोर सिटीकडून लीगमध्ये 47 गोल केले. त्या वर्षी युरोपचा गोल्डन शू, म्हणजे लीगमधल्या गोलांसाठीचं बक्षीस, मिळाला स्पोर्टिंग लिस्बनच्या जार्देलला, 42 गोलांवर. कारण 1996-97 पासून तिथे लीगच्या ताकदीप्रमाणे गुणाकार असतो: पोर्तुगालचा गोल दीडपट, वेल्सचा एकपट. 63 विरुद्ध 47, विषय संपला. मला त्यात अन्यायही वाटत नाही. गोलाची किंमत दुसरे लोक ठरवतात आणि ती लीगप्रमाणे बदलते. सेंटरबॅकच्या (मधल्या डिफेन्डरच्या) पाठीमागून सुटून सहा यार्डांवर मोकळं पोचता येणं हे मात्र कुठल्याही लीगमध्ये चालतं. एव्हियन विल्यम्स वेल्सच्या बॅरी टाउनमधून 1999 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या टॉर्की क्लबला गेला आणि इंग्लिश लीगमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने हॅट-ट्रिक केली. वेल्समधले गोल त्याने मागे सोडले, धाव सोबत नेली.

आता तुझ्या धावेकडे येतो, कारण खरी गडबड तिथे असावी असा मला दाट संशय आहे. सप्टेंबरात मैदान कडक असतं, जानेवारीत चिखल. विंगरचा (कडेने खेळणाऱ्याचा) बॉल तोच, पण चिखलात तो अर्धा सेकंद उशिरा पोचतो. तू मात्र सप्टेंबरच्याच वेळेला निघतोस. म्हणजे बॉलच्या आधी पोचतोस, थांबतोस, आणि थांबलेल्या स्ट्रायकरला कुठलाही सेंटरबॅक पकडतो. मग पुन्हा शून्यातून वेग घ्यायचा. असा फटका बसलाच तर तो ढकलाढकलीत बसतो आणि वरून जातो.

बॉल उजव्या विंगवर असेल तर तू फार पोस्टच्या (गोलच्या लांबच्या खांबाच्या) रेषेत, गोलपासून बारा-चौदा यार्डांवर, दुसऱ्या सेंटरबॅकच्या पाठीमागे उभा राहा. बॉल आणि तू दोघं त्याला एकाच वेळी दिसता कामा नयेत. विंगरला बॉल मिळाला म्हणून निघू नकोस. तो बॉल पायापासून पुढे ढकलेल, मान वर करेल, तेव्हा नीघ. पहिली दोन पावलं उलटी, फार पोस्टकडे. डिफेन्डरचं कंबरेतलं वजन तिकडे झुकलं की त्याच्या समोरून आडवा कापत नीअर पोस्टला, जवळच्या खांबाकडे. चिखल असेल तर मान वर झाल्यावरही एक श्वास थांब. ओल्या थ्रीजीवर (कृत्रिम गवतावर) उलट आहे: बॉल घसरत लवकर येतो, तेव्हा लगेच सुट आणि शेवटची पावलं छोटी टाक. फटका जोरात मारायचा नाही, पायाच्या आतल्या बाजूने दिशा द्यायची. आणि कोनातून मारायची वेळ आलीच तर खाली, लांबच्या कोपऱ्याकडे मार. गोलकीपरने अडवला तरी तो बॉल पुष्कळदा परत मधे येतो आणि कोणाला तरी दुसरी संधी मिळते. वरून गेलेला फटका कोणाच्याच कामाचा नसतो.

बुटांचं एका ओळीत: चिखलाला धातूच्या स्टडचे, थ्रीजीला ते चालत नाहीत, दोन जोड ठेव आणि तो विषय डोक्यातून काढ.

एक वही कर. फोनवर नको, फोनवर तू गोलांचे व्हिडिओच बघत बसतोस. प्रत्येक फटक्याला एक ओळ: कुठून मारला, बॉल कसा आला (क्रॉस, मागे ओढलेला पास, थ्रू बॉल, रिबाउंड), कुठल्या पायाने की डोक्याने, आणि पहिल्याच स्पर्शात की बॉल थांबवून. पेनल्टी वेगळ्या पानावर लिही, त्या या हिशेबात धरायच्या नाहीत. सामन्याला चार फटके, त्यातले तीन तरी पेनल्टी स्पॉटपेक्षा जवळून आणि दोन्ही पोस्टच्या मधल्या पट्ट्यातून मारलेले, हे लक्ष्य. असे चार मारलेस आणि गोल शून्य, तर खुशाल घरी जाऊन जेव. एकच मारलास आणि तो आत गेला, तर तुझं अभिनंदन मी करणार नाही. टीममधले करतील, क्लबच्या पेजवर फोटोही येईल. मला त्याचं काही नाही.

लोकांना हे कोरडं वाटतं, ठाऊक आहे. ‘स्ट्रायकरला गोलाची भूक हवी’ हे वाक्य मला बरेच कोच ऐकवतात. हवी की! पण भुकेपोटी पंचवीस यार्डांवरून मारलेले फटके भूक भागवत नाहीत, उलट तेवढ्या वेळा बॉल समोरच्याला देऊन येतात. यावर माझं मत बदलणार नाही, तेव्हा वाद घालू नकोस.

कम्री साउथच्या क्लबचं. ‘वरची लीग’ एवढ्यावर भुलू नकोस. त्यांचे दोन सामने स्टँडमध्ये बसून बघ, एक घरचा आणि एक बाहेरचा. त्यांच्या स्ट्रायकरकडे बघू नकोस, विंगर आणि फुलबॅककडे बघ. बॉक्समध्ये किती क्रॉस आले, बायलाइनवरून (गोलच्या बाजूच्या शेवटच्या रेषेवरून) मागे ओढलेले पास किती, हे मोज. सामन्यात असे आठ-दहा बॉलही येत नसतील, तर तिथे तू उपाशी मरशील. मग मॅनेजरला विचार: एक स्ट्रायकर की दोन? मंगळवारच्या रात्रीच्या सामन्यांना किती वाजता निघायचं? तुझी स्वान्सीची नोकरी पाचला सुटते. आणि ‘आम्ही वर जाणार’ असं ते म्हणाले तर लायसन्सचं विचार. वेल्समध्ये लीग जिंकूनही फुटबॉल असोसिएशनचं टियर 1 लायसन्स नसेल तर कम्री प्रीमियरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जाता येत नाही.

घाई कशाची आहे? रीस ग्रिफिथ्स 2005-06 ते 2011-12 अशी सलग सात वर्षं लानेलीकडून लीगचा सर्वाधिक गोल करणारा होता. इंग्लंडच्या प्लिमथ क्लबने त्याला 2012 मध्ये घेतलं तेव्हा तो 32 वर्षांचा होता. तिथे तो फार काळ टिकला नाही, हेही खरं. लोक म्हणतात उशीर झाला. मी म्हणतो, सात वर्षं ज्या टीमने त्याला बॉक्समध्ये बॉल पुरवले ती टीम सोबत गेली नाही. पुढे मॅनेजर म्हणून त्यानेच पेन-अ-बॉन्ट या क्लबला 2019 मध्ये वरच्या लीगमध्ये नेलं. आणि 2026-27 पासून कम्री प्रीमियर 12 ऐवजी 16 क्लबांची होते आहे. म्हणजे चार टीमना जास्तीचे स्ट्रायकर लागणार. जागा पळून जात नाहीये.

पावसाने रद्द झालेले सामने एप्रिलमध्ये अंगावर येतात, शनिवार-मंगळवार-शनिवार. तेव्हा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) जातात. आत्तापासून नॉर्डिक (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम) सुरू कर: पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट, चौथ्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा, आठ ते दहाचे तीन सेट, पुढे 12, 10, 8. सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. पहिले काही दिवस मांड्या भरून येतील, त्याला घाबरून सोडू नकोस.

शनिवारचा सामना झाला की वहीच्या पानाचा फोटो पाठव. स्कोअर कळवला नाहीस तरी चालेल. आणि त्या क्लबला ‘दोन आठवड्यांत सांगतो’ एवढंच कळव, सभ्यपणे.