मोठ्या ट्युनाच्या जिगिंगसाठी रॉड कोणता घ्यावा?
अंदमानात यलोफिन आणि डॉगटूथ ट्युनासाठी सात फुटी रॉड चालेल का, असं विचारलंय. नको. जिगिंग म्हणजे जिग (धातूचं जड आमिष) खोल सोडून झटके देत वर ओढणं. बोटीवरून सरळ खाली जिग सोडायचा तर ५ ते साडेपाच फुटी रॉडच घ्या. रॉड जितका लांब, तितकी माशाची ओढ तुमच्या कमरेवर जास्त येते. मुठीच्या वर छापलेले आकडे बघा: पीई ६ ते ८ची दोरी (पीई म्हणजे विणलेल्या दोरीच्या जाडीचं माप) आणि ३००-४०० ग्रॅमचा जिग पेलणारा हवा. डॉगटूथ गळाला लागताच खडकाकडे सुसाट पळतो, म्हणून रॉडचा बुडखा (मुठीकडचा भाग) दणकट पाहिजे. टोक मात्र थोडं लवचिक असू द्या, नाहीतर दिवसभर जिग मारून खांदे भरून येतात. आणि मासा बोटीखाली आला की रॉड उभा धरू नका, भलेभले रॉड तिथेच मोडतात.