गहू-दूध बंद, पण स्वयंपाक एकच

ताई, सहा वर्षांचा मुलगा, ऑटिझमचं निदान झालेलं, कुणीतरी गहू आणि दूध पूर्ण बंद करायला सांगितलंय, घरात सासू-सासरे धरून सहा माणसं आणि तुम्ही रोज दोन स्वयंपाक करून मेटाकुटीला आलाय. त्यात मुलगा नवीन काही तोंडात घेत नाही. प्रश्न एवढाच ना, की हे निभवायचं कसं? माझा मुलगा आता कॉलेजच्या वयाचा आहे. आमच्याकडे हा आहार बरीच वर्षं चालला, त्यातलं उपयोगी पडेल ते सांगते.

गहू अजून पूर्ण बंद केला नसेल तर थांबा. आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी (टीटीजी म्हणतात ती) करून घ्या. पोटात गहू जात असतानाच ती खरी येते. बंद केल्यावर करायची म्हटलं तर मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालावा लागतो. सीलिअॅक निघाला तर पथ्य जन्मभराचं आणि कडक. नाही निघाला तर बरीच ढील मिळते. वेगळा तवा, वेगळं पोळपाट-लाटणं यांत जीव घालवायची गरज नाही.

या आहाराने ऑटिझम जातो असं सांगणाऱ्यांपासून दोन हात लांब राहा. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १४ लहान मुलांना आधी या आहारावर ठेवलं आणि मग घरच्यांना कळू न देता कधी गव्हाचा, कधी दुधाचा, कधी दोन्हींचा, तर कधी दोन्ही नसलेला खाऊ दिला. वागणं, झोप, शौच, कशातच ठळक फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, मान्य. पण ज्या मुलाला दूध खरंच पचत नाही किंवा ज्याचं पोट कायम बिघडलेलं असतं, त्याला आराम पडतो आणि पोट शांत असलेलं मूल चिडचिड कमी करतं. आमच्याकडे फरक पडला तो दुधाने, गव्हाने नाही. म्हणून दोन्ही एकदम बंद करू नका. आधी दूध, मग गहू. त्या काळात नवी शाळा, नवी थेरपी, नवं औषध काही सुरू करू नका आणि शाळेतल्या बाईंना आहाराबद्दल सांगू नका. त्यांनी आपणहून ‘हल्ली बरा बसतो’ म्हटलं तर त्याला किंमत आहे. तीन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही, तर सोडून द्या.

आता स्वयंपाक. मुलाचं वेगळं करू नका, घराचंच थोडं सरकवा. भात, आमटी, उसळ, पालेभाजी, पिठलं, भाकरी, पोहे, घावन, आंबोळी, बिनगव्हाच्या भाजणीचं थालीपीठ, सोलकढी, यांतल्या कशालाच गहू किंवा दूध मुळात लागत नाही. पोळ्या करायच्या त्या मोठ्यांपुरत्या करा आणि आमटी-भाजी सगळ्यांची एक ठेवा. फोडणी तेलाची द्या, तूप ज्याने त्याने पानात वाढून घ्यावं.

सासूबाईंना ‘ग्लूटेन’ समजावत बसू नका. ‘त्याला उपासाचं सगळं चालतं, फक्त दही-दूध-तूप नको’ एवढंच सांगा. वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, दाण्याची आमटी... आजीला पन्नास वर्षं पाठ असलेली यादी आहे ती. आमच्या घरी ‘पोराला काही खाऊ देत नाही ही’ हे टोमणे त्या दिवसापासून बंद झाले. (साबुदाण्यावर मात्र भर नको, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं.)

गहू लपलेला असतो तो भलत्याच ठिकाणी. बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं. मेतकुटात गहू असतो, भाजणीतही बरेच जण घालतात. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेले असतात, तेव्हा आपले थोडे तांदूळ आधी दळून घ्यावेत आणि ते पीठ बाजूला काढून मग ज्वारी टाकावी. सीलिअॅक असेल तर एवढ्याने भागत नाही, घरघंटीच हवी. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. पण त्या महागड्या बिस्किटांचा नाद न लागलेला बरा.

खरी लढाई भाकरीची. पोळी खाणाऱ्या मुलाला भाकरी दिली की ती नाकारली जाते ती चवीमुळे नाही. भाकरी पोळीसारखी वागत नाही म्हणून. पोळी मऊ, एकसारखी. भाकरीचा पापुद्रा सुटतो, कडा कडक होते, वर काळे डाग पडतात. माझा मुलगा तो एक-एक डाग नखाने खरवडून काढायचा आणि मधे भोक पडलं की ताट ढकलून द्यायचा. मग मी पिठाची उकड काढायला लागले. ज्वारीत थोडं तांदळाचं पीठ, कडकडीत पाणी, चांगलं मळून, थापायच्या ऐवजी लाटून पोळीएवढाच आकार, आणि विस्तवावर न फुगवता तव्यावरच दोन्ही बाजूंनी शेकायची. डाग नाहीत, पापुद्रा नाही. सुरुवातीला त्याच्या नेहमीच्या पोळीशेजारी बोटभर तुकडा ठेवायचा, खा म्हणायचं नाही. तो हात लावून बघेल, वास घेईल, फेकेल. चालतं. नेहमीचं ताट, नेहमीची जागा मात्र बदलू नका. आमटीतली मोहरी दिसली तर जेवत नसेल, तर त्याची वाटी फोडणीआधी काढून ठेवा.

तो जर मोजून चार-पाच पदार्थच खात असेल आणि त्यात पोळी आणि दूध असतील, तर आहारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय काहीच बंद करू नका. खाणं फारच आकसलेल्या अशा मुलांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झाल्याच्याही नोंदी आहेत.

दूध गेलं की कॅल्शियमचा हिशोब मांडावा लागतो. या वयाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५०च्या आसपास असतं, पण एका लहान भाकरीला पीठ लागतं ३०-४० ग्रॅम. म्हणजे नाचणीवर भागत नाही. तिळाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, मासे खात असाल तर काट्यासकट खाता येणारे बारीक मासे हे रोज फिरवत ठेवा. नारळाचं किंवा बदामाचं दूध म्हणजे गाईच्या दुधाची जागा नव्हे, प्रथिनं अगदी कमी. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२चा मुख्य आधारच दूध असतो. ते डॉक्टरांकडून तपासून गोळी किंवा थेंब सुरू करून घ्या, ड जीवनसत्त्वही त्याच वेळी बघा.

सणावाराला फार अडत नाही. उकडीचे मोदक, चिवडा, अनारसे, बिनगव्हाच्या भाजणीची चकली चालतात, अनारसे तेलात तळा. तूप कढवलं तरी त्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत तेही नको.

त्याला शौचाचा त्रास आहे का, आणि सध्या तो नक्की काय काय खातो, ब्रँड आणि आकारासकट, तेवढं लिहा. मग रोजच्या डब्याचं सुचवते.